बागेतली मोठी खोली: मुंबईत बांधायची तर नियमात कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा होता. मुलुंड पश्चिमेला १९७८ सालचा तळमजला अधिक एक मजल्याचा बंगला, प्लॉट २० मीटर बाय ३० मीटर. मुलगी भरतनाट्यम शिकवते. तिच्या वर्गासाठी आणि एरवी पाहुण्यांसाठी मागच्या बागेत १२ मीटर बाय ६ मीटरची एक स्वतंत्र खोली बांधायची आहे, सोबत संडास-बाथरूम. इंग्लंडमधल्या दिरांनी अशीच ‘गार्डन रूम’ कुठलीही परवानगी न घेता बांधली. इथला पोर्टाकॅबिनवालाही म्हणतो की पाया खणायचा नाही, पॅनेल उभी करायची, तेव्हा महापालिकेचा संबंधच येत नाही. त्याचं म्हणणं खरं आहे का?

ताई, दिरांचं त्यांच्या गावी खरं असेल. पोर्टाकॅबिनवाल्याचं मात्र साफ खोटं आहे.

आधी दिरांचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये घरापासून सुटी, १५ चौरस मीटरपर्यंतची आणि कुणी झोपणार नसेल अशी खोली त्यांच्या बांधकाम नियमांतून वगळलेली असते. १५ ते ३० चौरस मीटरमध्ये असेल तर ती कुंपणापासून किमान एक मीटर आत असावी किंवा बहुतांशी न जळणाऱ्या सामानाची असावी, एवढीच अट. त्यांचं नियोजनाचं खातं वेगळं, त्याचे उंचीचे वगैरे नियम वेगळे. म्हणजे तिथेही ७२ चौरस मीटरची खोली अशी मोकळी सुटली नसती. दिरांची खोली बहुधा तुमच्या निम्म्याहून लहान असणार.

मुंबईत ‘एवढ्या आकाराच्या आत परवानगी नको’ अशी रेघच नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ उघडलात तर ‘इमारत’ या शब्दाच्या व्याख्येतच घर, आउटहाउस, तबेला, शेड, झोपडी ही नावं आहेत, आणि पुढे म्हटलंय की ती दगडाची असो, विटांची, लाकडाची, मातीची, धातूची किंवा आणखी कशाचीही. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्याने हे लिहिलं त्याने पोर्टाकॅबिन पाहिली नव्हती, पण पोर्टाकॅबिनवाल्याचा युक्तिवाद त्याच्या ओळखीचा असावा. त्यावर १९६६ चा नगररचना कायदा, म्हणजे एमआरटीपी. त्यातल्या ‘विकास’ या शब्दात जमिनीवर काहीही बांधणं आलं आणि जमिनीचा वापर बदलणंही आलं. पाया खणला की नाही, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

‘तात्पुरतं बांधकाम’ ही पळवाटही लोक काढतात. तशी परवानगी असते, पण ती पावसाळी शेड, मांडव, बांधकामाच्या जागेवरचं ऑफिस, प्रदर्शन असल्या गोष्टींसाठी, एका वेळी सहा महिन्यांची आणि सगळं मिळून तीन वर्षांपलीकडे नाही. नाचाचा वर्ग त्यात बसत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ खालची किरकोळ दुरुस्तीची सूट रंग, गिलावा, फरशी, आहे त्या उंचीवर छप्पर बदलणं एवढ्यापुरती आहे. तीही इथे कामाची नाही.

आता तुमच्या प्लॉटकडे येतो. बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘एफएसआय शिल्लक आहे का?’ एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम चालतं ते प्रमाण. तुमच्या बाबतीत तो प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. उपनगरात मूळ एफएसआय १, प्लॉट ६०० चौरस मीटर, म्हणजे ६०० चौरस मीटर बांधकाम चालतं. तुम्ही पाठवलेल्या मापांवरून बंगला ११ बाय १४ चा, तळमजला अधिक एक, म्हणजे साधारण ३०८. त्यात ७२ मिळवले तर ३८०. भरपूर शिल्लक आहे, जादा बांधकामासाठी प्रीमियम भरायला नको, टीडीआर म्हणजे दुसऱ्याचे बांधकाम हक्क विकत घ्यायला नकोत. रस्तारुंदीकरणात पुढची पट्टी जाते का, एवढं मात्र डीपी रिमार्क काढून बघा. विकास आराखडा २०३४ चा शेरा ऑनलाइन मिळतो. तो हातात नसताना आर्किटेक्टबरोबर चहासुद्धा पिऊ नका.

गाडी अडते ती सामासिक अंतरांवर. साइटवर आम्ही ‘मार्जिन’ म्हणतो. इमारत आणि हद्द यांच्यात मोकळी सोडायची जागा. सध्या लागू असलेली नियमावली म्हणजे डीसीपीआर २०३४, २०१८ पासूनची. तीत बाजूचं आणि मागचं मार्जिन इमारतीच्या उंचीप्रमाणे वाढतं, पण ठेंगण्या इमारतीलाही साधारणपणे किमान ३.६ मीटर धरावं लागतं. अरुंद प्लॉटना सवलती आहेत, पण २० मीटर रुंदीचा प्लॉट काही अरुंद नव्हे. आणि जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते असं, की एकाच प्लॉटवर दोन सुट्या इमारती असतील तर त्या दोघींच्या मध्येही मोकळी जागा लागते.

कागद घ्या आणि मांडा. बंगल्याच्या पुढे ५ मीटर, बंगला १४ मीटर खोल, मागे उरले ११. सुटी खोली बांधायची तर मागच्या हद्दीपासून ३.६ सोडा, बंगल्यापासून निदान ३.६ सोडा. राहिले ३.८ मीटर. तुम्हाला हवेत ६. म्हणजे तुमच्या मनातली खोली तुमच्या बागेत बसतच नाही, आणि तिचं कारण एफएसआय नाही, परवानगीही नाही, तर हे साधं वजाबाकीचं गणित आहे. ३.८ मीटर रुंदीची बोगद्यासारखी खोली बांधता येईल, पण तिथे मुली नाचणार कशा?

मी स्वतः अशा जागी ‘गार्डन रूम’ हा शब्दच सोडून देतो. खोली सुटी न ठेवता बंगल्याला जोडा. मग ती दुसरी इमारत राहत नाही, आहे त्या इमारतीची वाढ होते, आणि मधले ३.६ मीटर तुमचे तुम्हाला परत मिळतात. मागच्या हद्दीचे ३.६ सोडूनही ७.४ मीटर जागा हाताशी येते. फक्त १२ मीटरची लांबी धरू नका, कारण मग बंगल्याची मागची भिंत पूर्ण झाकली जाईल आणि मागच्या सगळ्या खोल्यांचा उजेड जाईल. मी असतो तर ९ बाय ७ ची खोली एका बाजूच्या मार्जिनच्या रेषेला लावून घेतली असती. म्हणजे ६३ चौरस मीटर, मागे ४ मीटर मोकळे, आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या बाजूची जवळजवळ तीन मीटर भिंत पूर्वीसारखीच बागेकडे उघडी. तिथली खिडकी आणि तिच्यासमोरचा आंबा दोन्ही राहतात. दुसऱ्या कोपऱ्यातल्या झोपायच्या खोलीची मागची खिडकी जाते, ती बाजूच्या भिंतीत काढा. तिकडे तुमचं मार्जिन साडेचार मीटर आहे, अडचण येणार नाही.

हे सगळं सेंटिमीटरवर उभं आहे, म्हणून एक गोष्ट आधी करा: सिटी सर्व्हे ऑफिसकडून मोजणी. कुंपणाची भिंत म्हणजे हद्द नव्हे. १९७०-८० च्या दशकातल्या भिंती गवंड्याने दोरी लावून बांधलेल्या आहेत, फूटभर इकडेतिकडे हे नेहमीचंच. प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्रफळ आणि जागेवरचं क्षेत्रफळ जुळलं नाही तर नकाशा पुढे सरकत नाही, आणि शेजाऱ्याला हे तुमच्या आधी कळलं तर आणखीच सरकत नाही.

जुना मंजूर नकाशा घरात आहे का? शोधा. नसेल तर इमारत प्रस्ताव खात्याकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. तुमच्या पूर्व उपनगरांचं काम विक्रोळीहून चालतं. भोगवटा प्रमाणपत्रही शोधा. वाढीव कामाचा प्रस्ताव गेला की अधिकारी नवी खोली नंतर बघतो, जुना नकाशा हातात धरून आधी बंगला बघतो. पोर्चची खोली केली का, गच्चीवर पत्रे टाकले का, बाल्कनी आत घेतली का. मुंबईत ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही अशी माणसं मला तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. असं काही असेल तर ते लपवू नका, त्याच प्रस्तावात एफएसआयमध्ये धरून दाखवा. तुमच्याकडे एफएसआय शिल्लक आहे, तो इथे कामी येतो.

जमिनीची मालकीही बघून घ्या. प्लॉट कलेक्टरच्या भाडेपट्ट्यावर असेल किंवा एखाद्या जुन्या प्लॉटधारकांच्या सोसायटीचा असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र आधी लागेल. चारकोप-गोराईसारख्या म्हाडाच्या लेआउटमध्ये तर नियोजन प्राधिकरणच म्हाडा आहे, सगळी फाइल वेगळ्या दारी जाते. मढ, मनोरी, वर्सोव्याकडे सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्र, आडवं येतं. तुमच्याकडे समुद्र नाही, पण डोंगराच्या पायथ्याला असाल तर राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र, २०१६ च्या अधिसूचनेतलं, कुठवर येतं ते डीपी रिमार्कबरोबरच बघून घ्या.

मग कागदपत्रांचा क्रम. आर्किटेक्ट किंवा लायसन्स्ड सर्व्हेअर आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमायचे, नकाशे ऑनलाइन दाखल करायचे. आधी येते ती आयओडी. तिचं पूर्ण नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअ‍ॅप्रूव्हल’. मंजुरीच्या कागदाला नामंजुरी म्हणणारं शहर जगात दुसरं असेल असं वाटत नाही. घाबरू नका. ‘या अटी पूर्ण होईपर्यंत नामंजूर’ असा त्याचा अर्थ, अटींची यादी खाली असते. त्या पुऱ्या केल्या, विकास शुल्क भरलं की प्रारंभ प्रमाणपत्र, आपल्या भाषेत सीसी. ती आधी जोत्यापर्यंत मिळते, जोतं तपासलं की पुढची. सीसीशिवाय कुदळ मारायची नाही. बांधकामाच्या खर्चावरचा कामगार उपकर तुम्हाला लागतो का, हेही आर्किटेक्टला विचारून घ्या.

कुणीतरी तुम्हाला सांगेल, ‘साठ दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळाल्यातच जमा.’ एमआरटीपीच्या कलम ४५ मध्ये तसं आहे खरं. पण त्यालाच जोडून अट आहे की प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसणारा असला पाहिजे. बसतो की नाही हे ठरवायची वेळ येते तेव्हा खोली उभी असते आणि तुम्ही कोर्टात असता. या आधारावर काम सुरू करणाऱ्याचं वकीलपत्र माझा एक वकील मित्र आनंदाने घेतो, मी घेत नाही.

न विचारता बांधलं तर काय होतं, हेही तुम्ही विचारलंत. काम चालू असताना तक्रार गेली तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४-अ खाली काम थांबवायची नोटीस. बांधून झालं असेल तर ३५१ खाली ‘का पाडू नये ते सांगा’, किंवा एमआरटीपीचं ५३. एमआरटीपीच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार दंड आहे. दंडाचा आकडा वाचून लोकांना हसू येतं, त्याआधीचा शब्द ते वाचत नाहीत. ‘नंतर नियमित करून घेऊ’ हे पूर्वी जितक्या सहज चालायचं तितकं आता चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की बराच काळ गेला, पैसे गुंतले, अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केलं, यातल्या कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही.

‘आमच्या शेजारच्यांची मागची खोली आहे की!’ हेही ऐकतो. ती बहुतेक वेळा डेटम लाइनच्या आधीची असते. राहत्या वापरासाठी १७ एप्रिल १९६४ आणि इतर वापरासाठी १ एप्रिल १९६२ च्या आधीपासून असल्याचा पुरावा असेल तर ते बांधकाम सहन केलं जातं. तुमचा बंगलाच १९७८ चा, तेव्हा ती वाट बंद.

खरा फटका मात्र नोटिशीपेक्षा नंतर बसतो. पश्चिम उपनगरातल्या एका गृहस्थांनी माझा सल्ला ऐकून घेतला, माझी फी दिली आणि मग एका कंत्राटदाराच्या शब्दावर मागे तीस फूट लांबीची पॅनेलची खोली उभी केली. सुंदर होती, मी स्वतः तिथे चहा प्यायलोय. सहा वर्षं कुणी काही बोललं नाही. मग बंगला विकायला काढला. गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्यूअर आला, त्याने मंजूर नकाशा मागितला, खोली शून्य किमतीची धरली, आणि ‘नकाशाबाहेरचं बांधकाम’ असा शेरा मारला म्हणून बँकेने अख्ख्या बंगल्याचं कर्ज अडवलं. शेवटी त्यांनीच माणसं लावून खोली उतरवली. शेजाऱ्याने तक्रार केली असती तर बरं झालं असतं, निदान सहा वर्षं आधी कळलं असतं, असं ते म्हणाले.

आता खोली आतून कशी असावी. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी. नाचाला तुम्ही याहून जास्त घ्याल, पंखे आणि हात दोन्हींसाठी सव्वातीन तरी घ्या. खिडक्यांचं उघडं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांश. ६३ चौरस मीटरला साडेदहा चौरस मीटर उघडणाऱ्या खिडक्या, आणि यात दरवाजा धरत नाहीत. मोठी न उघडणारी काच लावून लोक फसतात. उजेड येतो, नियमात मात्र ती मोजली जात नाही. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ३० सेंटिमीटर वर, आणि पाणी तुंबणाऱ्या भागात पुराच्या पातळीच्या ६० सेंटिमीटर वर. २६ जुलै २००५ ला तुमच्या बागेत पाणी कुठवर आलं होतं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तुमच्याकडे किती पडला यापेक्षा पाणी कुठल्या पायरीवर होतं ते जास्त उपयोगाचं.

संडासाचं गणित बहुतेक आर्किटेक्ट शेवटी करतात, मी आधी करतो. खोली मागे, महापालिकेची ड्रेनेज लाइन पुढच्या रस्त्यात. मधे तीस मीटर पाइप. एकास साठ उतार दिला तरी अर्धा मीटर खाली जावं लागतं, त्यात चेंबर जितका खोल तितकं वेगळं. रस्त्यातल्या लाइनची पातळी याच्याखाली असेल तरच हे जमतं. ती पातळी आधी मोजून घ्या. जमत नसेल तर संडास बंगल्याच्या भिंतीला लागून, जुन्या लाइनजवळ घ्या. खोली जोडलेली असल्याचा हा आणखी एक फायदा.

जोडलेली म्हटलं तरी खांब मात्र जुन्या बंगल्याच्या खांबांवर टेकवू नका. नकाशात एक इमारत, सांगाड्यात दोन. नवे खांब, नवा पाया, आणि मधे बोटभर ते दोन बोटं सांधा. १९७८ च्या काँक्रीटवर नवं वजन टाकणारा इंजिनिअर मला भेटला तर मी त्याला बदलेन. मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे. दोन वेगळ्या वयाच्या इमारती एकमेकींवर आपटू नयेत म्हणून हा सांधा. आणि पहिल्या पावसात गळणार तीही हीच जागा, म्हणून वर धातूची पट्टी आणि बंगल्याच्या भिंतीत खाच घेऊन बसवलेलं फ्लॅशिंग हे कंत्राटात आधीच लिहून घ्या. काँक्रीट एम-२५ या प्रतीच्या खाली नको. हेच काम जुहूला समुद्रासमोर असतं तर मी एम-३० आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर मागितलं असतं.

छप्पर पॅनेलचं करायचं असेल तर करा, परवानगीला त्याचा अडसर नाही. पण मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, आणि हलक्या छपराला वारा दाबत नाही, उचलतो. तौक्ते वादळात मे २०२१ मध्ये उडालेले पत्रे आठवा. शिवाय पत्र्यावर जुलैचा पाऊस पडायला लागला की नट्टुवांगम, म्हणजे ताल देणाऱ्या झांजा, ऐकू येणार नाही. मी स्लॅबच टाकेन. जमीन फरशीची करून त्यावर नाच घेऊ नका, गुडघे जातात. हवा खेळती राहील अशा पट्ट्यांवर लाकडी जमीन करा, आणि तिच्यासाठी जोत्याखाली वाळवीची फवारणी भराव टाकतानाच करून घ्या. नंतर भोकं पाडून करायची फवारणी दुप्पट महाग आणि निम्मी उपयोगी.

वर्गाबद्दल एक. नकाशात जो वापर दाखवाल तोच करा. मुलीच्या चार-सहा शिष्या घरी येणं वेगळं, आणि बाहेर फलक लावून तीन बॅच चालवणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर आर्किटेक्टला आत्ताच सांगा, कारण वापर बदलला की मालमत्ता कर आणि पाण्याचा दर दोन्ही बदलतात, आणि शेजाऱ्यांचा चेहराही.

राहिला आंबा. तो कोपऱ्यात आहे म्हणून मी वरचा ९ बाय ७ चा आराखडा त्याच्या दुसऱ्या बाजूला ढकलला. झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, फांद्या छाटायलाही विचारावं लागतं. त्याचा बुंधा मोजणीच्या नकाशावर अचूक दाखवून घ्या आणि खोलीचा पाया त्याच्या मोठ्या मुळांपासून लांब ठेवा. मोजणीचा अर्ज या आठवड्यात टाका, जुना नकाशा सापडला की त्याचा फोटो पाठवा. पायाचं काम दिवाळीनंतर सुरू झालं आणि स्लॅब एप्रिलपर्यंत पडला तर पाऊस तुमच्या अंगावर येणार नाही. त्याच्या पुढे गेलात तर सरळ पुढच्या दिवाळीची वाट बघा.